वऱ्हाडातला वेताळ : महानायकांच्या चित्रकथांचा मराठी प्रवास

अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चेहऱ्यावर मुखवटा, दुर्जनांना शासन करण्याची प्रतिज्ञा आणि स्वतःची खरी ओळख गुप्त ठेवण्याचे व्रत, ही महानायकाची, म्हणजे आजच्या भाषेत सुपरहीरोची, सर्वपरिचित लक्षणे होत. अमेरिकेत १९३० च्या दशकात जन्मलेला हा नायक अमरावती आणि अकोल्याच्या वाचकांपर्यंत आला, तो प्रथम मराठी बोलत आला. पुढे त्याची भाषा हिंदी झाली. त्यानंतर तो पुस्तकातून उठून पडद्यावर गेला आणि तेथेही बराच काळ हिंदीच बोलत राहिला. वऱ्हाडातील तीन पिढ्यांचे बालपण या भाषांतराने घडले आहे. मात्र या प्रवासातील मराठीचा वाटा किती होता आणि त्यातले आज हाती काय उरले आहे, याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही.

व्यायामशाळेची पार्श्वभूमी

महानायकाची कल्पना परकी असली, तरी तिच्या मुळाशी असलेली बलोपासना वऱ्हाडाला नवी नव्हती. गावोगावच्या मारुतीच्या पारालगत आखाडा असे. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या परंपरेला संस्थेचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली.

त्याच वर्षी, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, अमेरिकन लेखक ली फॉक यांचा ‘फँटम’ वृत्तपत्रातील चित्रपट्टीत प्रथम अवतरला. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा ‘सुपरमॅन’ प्रसिद्ध झाला. १९३९ मध्ये ‘बॅटमॅन’ आला. बर्लिनच्या मैदानाचा आणि या चित्रांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण बलवान, घोटीव देहाचे जे आकर्षण त्या काळी जगभर होते, त्याचीच ही दोन रूपे होती. सुपरमॅनच्या पोशाखावर सर्कशीतील पहिलवानांच्या पोशाखाची छाप आहे, हे सर्वमान्य आहे. तो पोशाख मराठी प्रेक्षकालाही अपरिचित नव्हता. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्येच सर्कस उभी केली होती आणि पुढे मराठी माणसांच्या सर्कशी देशभर फिरल्या. तंग पोशाखातला बलदंड माणूस तंबूत आधी दिसला, कागदावर नंतर.

वेताळ मराठीत येतो

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली आदी भाषांतून ती निघत असे. प्रारंभीच्या अंकांचा नायक फँटम होता. पुढे त्याच्या जोडीला जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर असे इतर नायक आले. प्रथम मासिक असलेली ही मालिका पाक्षिक व नंतर साप्ताहिक झाली आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत तिचे आठशेहून अधिक अंक निघाले.

मराठीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. हे नामकरण फार समर्पक ठरले. वेताळ हा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पूजला जाणारा ग्रामदैवतांपैकी एक, भुतांचा अधिपती. १९५० च्या दशकापासून मराठीत निघणाऱ्या ‘चांदोबा’ने राजा विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळही घरोघर पोहोचवला होता. त्यामुळे एकाच विक्रेत्याकडे दोन वेताळ मिळू लागले. एक झाडाला लोंबकळणारा आणि कोडी घालणारा. दुसरा कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणारा आणि ठोसा मारल्यावर गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीची खूण उमटवणारा. एक जुना आणि एक आयात केलेला, पण दोघांचाही दबदबा अमानवी शक्तीचा. दुसऱ्या वेताळाकडे वस्तुतः कोणतीही दैवी शक्ती नव्हती. बापाकडून मुलाकडे मुखवटा जात राहिला आणि लोक त्याला अमर समजत राहिले, एवढेच त्याचे रहस्य होते. कथेप्रमाणे पहिल्या वेताळाने १५३६ मध्ये शपथ घेतली. त्या साली वऱ्हाडावर इमादशाहीचा अंमल होता आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही तिची राजधानी होती.

भारतीय आवृत्तीत मूळ कथेत काही बदल करण्यात आले. फॉक यांच्या आरंभीच्या कथांत वेताळाचा प्रदेश भारताच्या आसपास कोठेतरी असल्याचा भास होई. त्या ‘बेंगाला’ प्रदेशाचे नाव येथे ‘देंकाली’ करण्यात आले. समुद्री चाच्यांच्या टोळीचे मूळ नाव ‘सिंग’ असे होते. भारतीय वाचकाच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्याचे ‘सिंगा’ झाले. परदेशी नायक जसाच्या तसा न उचलता येथील वाचकासाठी घासूनपुसून देण्याचे हे काम होते, आणि ते करणाऱ्यांची नावे सामान्य वाचकाला कधीच कळली नाहीत.

भाषांतराचे कामही सोपे नव्हते. रंगीत चित्रे सर्व भाषांसाठी एकच. बदलायचा तो फक्त काळ्या शाईतील मजकूर. संवादाचा फुगा जेवढा, तेवढ्यातच मराठी वाक्य बसले पाहिजे. या सक्तीतून एक छोट्या, ठसठशीत वाक्यांची मराठी तयार झाली. ती पुण्या-मुंबईच्या प्रमाण वळणाची होती. घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणणाऱ्या अकोल्याच्या मुलाला वेताळ ‘मला’, ‘तुला’, ‘का’ असे शुद्ध बोलताना भेटला. पाठ्यपुस्तकाबाहेरची प्रमाण मराठी अनेक मुलांनी अशा पानांवरूनच आपलीशी केली.

डिसेंबर १९७६ मध्ये या मालिकेत ‘बहादूर’ आला. लेखक आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांनी घडवलेला हा नायक भारतीय होता. डाकूचा मुलगा, पण डाकूंविरुद्ध लढणारा. अंगात भगवा कुडता आणि जीन्स. त्याने मुखवटा घातला नाही की उड्डाण केले नाही. गावकऱ्यांना संघटित करून नागरिक सुरक्षा दल उभारणे, ही त्याची शक्ती होती. परदेशी नायकांच्या गर्दीत तो वेगळा उठून दिसला.

कौंडिण्यपूरची राजकन्या

इंद्रजालच्या उभारणीत सहभागी असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसच्या साहाय्याने ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. दिल्लीतील दूरदर्शनच्या एका प्रश्नमंजूषेत ग्रीक पुराणांतील प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हा प्रसंग त्यामागची प्रेरणा म्हणून नेहमी सांगितला जातो. या मालिकेतील पुस्तके मराठीतही निघाली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांच्या हाताने या मालिकेचा चेहरा घडवला.

वऱ्हाडाच्या दृष्टीने या मालिकेचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. वेताळाचे जंगल नकाशावर कोठेच नव्हते. नल-दमयंती आणि कृष्ण-रुक्मिणी यांच्या चित्रकथांतील विदर्भ मात्र वाचकाच्या पायाखाली होता. भीष्मक राजाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, अशी परंपरा आहे. तेथून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे उत्खननही केले. रुक्मिणीचे हरण ज्या देवीच्या मंदिरातून झाले, ते अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर होय, असे स्थानिक श्रद्धा सांगते. अमरावतीच्या बालवाचकाला चित्रचौकटीतला रथ आपल्याच गावातून निघताना दिसत असे. अन्य कोणत्याही महानायकाने त्याला ही जवळीक दिली नव्हती.

हिंदीची लाट आणि मराठी हात

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दिल्लीच्या प्रकाशकांनी बाजार काबीज केला. प्राण यांचा चाचा चौधरी ‘डायमंड कॉमिक्स’मधून घराघरांत गेला. त्याच्या सोबतीला गुरू ग्रहावरून आलेला अजस्र साबू होता. १९८६ मध्ये ‘राज कॉमिक्स’चा ‘नागराज’ आला, पाठोपाठ अनुपम सिन्हा यांचा ‘सुपर कमांडो ध्रुव’. वाचनाची व्यवस्थाही बदलली. अंक विकत घेण्याऐवजी दिवसाच्या भाड्याने आणण्याची रीत अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत सर्रास झाली. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या वऱ्हाडी उन्हाळ्यात, दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसताना, सुट्टीतील मुलांना चार आण्या-आठ आण्यांच्या या वाचनाचा मोठाच आधार होता.

ही हिंदी लाट वऱ्हाडाने सहज स्वीकारली, यात आश्चर्य नाही. हा प्रदेश दीर्घकाळ मध्य प्रांत व वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताचा भाग होता आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. अमरावती जिल्ह्याची उत्तर सीमा बैतूलला भिडते. खंडव्याहून मेळघाटातून येणारी मीटरगेज गाडी अनेक दशके अकोल्याला हिंदी मुलखाशी जोडत होती. कापसाच्या व्यापारामुळे स्थिरावलेली मारवाडी कुटुंबे, अचलपूर-बाळापूरची उर्दू भाषक वस्ती आणि हिंदी चित्रपट यांमुळे येथील मूल शाळेत जाण्यापूर्वीच दोन-तीन भाषा ऐकत असे. नागराज समजून घेण्यासाठी त्याला शब्दकोश लागला नाही.

मात्र एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात क्वचितच आली. ज्या नागराजाला ते दिल्लीचा समजत होते, त्याचे रूप मराठी हाताने घडले होते. परशुराम शर्मा यांनी लिहिलेल्या नागराजाच्या आरंभीच्या कथा प्रताप मुळीक यांनी रेखाटल्या. अमर चित्र कथेतील पौराणिक पुरुषांचे स्नायू, वस्त्रांच्या चुण्या आणि प्रसंगातील नाट्य रेखाटून सरावलेल्या त्यांच्या कुंचल्याने या नव्या नायकाला देह दिला. पुढे मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे यांनीही नागराज रेखाटला. चित्रकार मराठी, वाचक मराठी, आणि त्यांच्यामधील शब्द तेवढे हिंदी, अशी ही विलक्षण स्थिती होती.

मराठीचा स्वतःचा महानायक का नाही?

मराठी कल्पनाशक्ती तोकडी होती, असे म्हणता येणार नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ हे धाडसी नायक एक हजारांहून अधिक रहस्यकथांच्या लेखनप्रपंचात उभे केले आणि वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांसाठी झुंबड उडे. भा. रा. भागवत यांचा ‘फास्टर फेणे’ सायकलवरून मराठी बालसाहित्यात शिरला तो कायमचा. १९८७ मध्ये तो दूरदर्शनवर आणि २०१७ मध्ये चित्रपटात आला. पण हे नायक शब्दांतले होते. रंगीत चित्रचौकटींत दर पंधरवड्याला भेटणारा, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा मराठी महानायक उभा राहिला नाही.

याचे मुख्य कारण अर्थकारणात आहे. परदेशातून हक्क घेऊन आणलेल्या चित्रकथेत चित्रांचा खर्च आधीच भागलेला असतो आणि भाषांतरित आवृत्त्यांत तो आणखी विभागला जातो. मूळ मराठी चित्रकथेत लेखक, चित्रकार, रंगकाम, अक्षरलेखन या सर्वांचा भार एकाच भाषेच्या वाचकाला सोसावा लागतो. दिल्लीच्या प्रकाशकाला राजस्थानपासून बिहारपर्यंतचा, आणि वऱ्हाडाचाही, बाजार मोकळा होता. मराठी प्रकाशकाला महाराष्ट्राबाहेर जाता येत नव्हते. दुसरे कारण पालकांच्या दृष्टीत आहे. गोष्टीचे पुस्तक म्हणजे वाचन आणि कॉमिक्स म्हणजे वेळेचा अपव्यय, ही समजूत मध्यमवर्गीय मराठी घरांत घट्ट होती. पुराणकथांची अमर चित्र कथा तेवढी या निर्बंधातून सुटली.

पडद्यावरची भाषा

१९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर चाललेल्या ‘शक्तिमान’ने महानायकाला पुस्तकाबाहेर काढले. परदेशी चित्रपटही हिंदी आवाजात येत होते. चित्रपट वितरणाच्या नकाशात अमरावती आणि अकोला मुंबई विभागात येत नाहीत. वितरकांच्या भाषेत हा प्रदेश आजही ‘सी. पी. बेरार’ आहे, आणि त्यात मध्य प्रदेश-छत्तीसगडचा भागही मोडतो. जुना प्रांत राजकीय नकाशावरून पुसला गेला, पण चित्रपटांच्या हिशेबवहीत टिकून राहिला. या व्यवस्थेत स्पायडरमॅन वऱ्हाडात हिंदी बोलत आला, हे ओघानेच आले.

२००७ मध्ये ‘स्पायडर-मॅन ३’ हा चित्रपट भारतात इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरीत प्रदर्शित झाला. मराठी त्या यादीत नव्हती. मराठी माणसाला हिंदी समजते, तेव्हा वेगळ्या आवृत्तीची गरज काय, हा वितरकांचा हिशेब त्यामागे दिसतो. म्हणजे वऱ्हाडाचे जे बळ, अनेक भाषा सहज समजण्याचे, तेच त्याच्या मातृभाषेच्या आड आले.

हे चित्र जून २०२३ मध्ये बदलले. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यात मराठी होती. या चित्रपटात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन आहे. मूळ पीटर पार्करच्या नावाशी नाद जुळवून घडवलेले हे पात्र शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी २००४ मध्ये निर्माण केले. खेड्यातून मुंबईला आलेला हा मुलगा एका योग्याकडून शक्ती मिळवतो आणि धोतर नेसून इमारतींवरून झेपावतो. चित्रपटात त्याचे शहर मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून घडले आहे. मराठी बोलणाऱ्या महानायकाचे असे पुनरागमन झाले खरे, पण ते पडद्यावर आणि एका चित्रपटापुरते. पुस्तकाच्या रूपाने, कोपऱ्यावरच्या विक्रेत्याकडे नियमित मिळणारी आणि सर्वदूर पोहोचणारी इंद्रजालसारखी मराठी मालिका पुन्हा उभी राहिलेली नाही.

जतनाचा प्रश्न

यामुळे जुन्या मराठी अंकांचे मोल वाढते. हे अंक स्वस्त कागदावर छापलेले असत. अशा कागदातील आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि उष्णतेने ही प्रक्रिया वेगावते. त्यात वाळवी आणि कसर यांची भर. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडलेल्या गठ्ठ्याचे आयुष्य किती, हे सांगायला नको. भाड्याने फिरलेले अंक तर हाताळणीनेच संपले. उरलेले रद्दीत गेले, कारण ‘मुले मोठी झाली’ की घर आवरताना पहिला बळी कॉमिक्सचा जातो.

कायद्याची तरतूद अपुरी पडते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांकडे जाणे आवश्यक आहे. १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकांनाही तो लागू झाला. पण यातील एकही ग्रंथालय वऱ्हाडात नाही. अमरावती विभागातील अभ्यासकाला सर्वांत जवळचे ठिकाण मुंबई. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले, परंतु चित्रकथा हा जतन करण्याजोगा संग्रह आहे, अशी दृष्टी त्यातून रुजली नाही. कादंबरीला पुठ्ठ्याची बांधणी मिळाली; वेताळाला मिळाली नाही.

संग्राहक आपापल्या परीने अंक शोधतात, अदलाबदल करतात, जपतात. मात्र वैयक्तिक संग्रहाचे भवितव्य त्या व्यक्तीच्या हयातीपुरते असते. प्रती संगणकावर उतरवून सर्वांसाठी खुल्या करणे हा मार्ग सोपा वाटतो, पण या पात्रांचे हक्क आजही त्यांच्या मालकांकडे आहेत. संस्थेने मूळ अंक मिळवणे, त्यांची सूची करणे आणि ते अभ्यासासाठी वाचनकक्षात उपलब्ध ठेवणे, याला मात्र कायद्याची आडकाठी नाही. अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे. दोन्ही शहरांत जुनी वाचनालये आहेत. एक कपाट, आम्लविरहित कागदाची वेष्टने आणि नोंदींची एक वही, एवढ्यावर आरंभ करता येईल.

या अंकांत केवळ मारामारीच्या गोष्टी नाहीत. अनामिक भाषांतरकारांनी फुग्याच्या मापात बसवलेली मराठी त्यांत आहे, आणि परकी नावे येथील वाचकाला रुचतील अशी करण्याची कल्पकता आहे. अमर चित्र कथेच्या पानांत मराठी चित्रकारांची ती रेषा आहे, जिने पुढे हिंदीतल्या महानायकालाही देह दिला. एका पिढीने मातृभाषेत केलेल्या कल्पनेच्या सफरीची ही नोंद आहे. वेताळ अमर आहे, अशी देंकालीच्या जंगलातील लोकांची श्रद्धा होती, कारण दर पिढीला कोणीतरी मुखवटा उचलून घेत असे. मराठीतील वेताळ अमर राहायचा, तर त्याचे अंक रद्दीच्या तराजूवर जाण्यापूर्वी कोणीतरी उचलून घेतले पाहिजेत.